पेत्रार्कची वैशाखी पौर्णिमा

इटालियन कवी फ्रांचेस्को पेत्रार्क हा २६ एप्रिल १३३६ रोजी, शुक्रवारी, उजाडण्यापूर्वी दक्षिण फ्रान्समधील मालोसेन या खेड्यातून निघाला, व्हांतू नावाचा पर्वत चढला आणि रात्र बरीच झाल्यावर त्याच खेड्यातील साध्या सरायीत परत आला. बरोबर धाकटा भाऊ घेरार्दो आणि दोन नोकर होते. दिवसाची म्हणून काढलेली चाल रात्रीवर गेली, एवढाच हा प्रसंग. कोणी दरीत पडले नाही, कोणी हरवले नाही, कोणते राज्य जिंकले वा हरले गेले नाही. तरीही या एका दिवसावर युरोपीय विद्वानांनी जेवढी शाई खर्च केली आहे, तेवढी अनेक लढायांच्याही वाट्याला आलेली नाही.

याचे बरेचसे श्रेय स्विस इतिहासकार याकोब बुर्कहार्ट याच्याकडे जाते. इटलीतील प्रबोधनकाळावरचा त्याचा विख्यात ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध झाला. निसर्गसौंदर्यासाठी निसर्गाकडे पाहणाऱ्या पहिल्या आधुनिक माणसांत त्याने पेत्रार्कची गणना केली आणि पुरावा म्हणून व्हांतूच्या चढाईचे पत्र पुढे केले. पुढे ते मत इतके रुळले की गिर्यारोहणाच्या इतिहासांचा आरंभच या तारखेपासून होऊ लागला. यात्रा नाही, शिकार नाही, लष्करी टेहळणी नाही. केवळ उंचावरून पाहण्याच्या इच्छेने माणूस डोंगर चढला, आणि मध्ययुग संपले! इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा सुबक तारखा आवडतात. परीक्षेत लिहायला त्या सोयीच्या असतात.

प्रश्न असा आहे की पेत्रार्क खरोखरच त्या दिवशी डोंगर चढला होता काय? विसाव्या शतकातील काही थोर संशोधकांनी याचे उत्तर जवळजवळ नकारार्थी दिले आहे. त्यांचे म्हणणे वजनदार आहे आणि ते बाजूला सारून पुढे जाता येत नाही. मात्र त्या पत्रात एक अगदी लहान तपशील असा आहे की ज्याची पडताळणी पत्राबाहेर जाऊन करता येते, आणि ती करण्यास आपल्या पंचांगाची मदत होते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम पत्राविषयी. ते लॅटिनमध्ये असून पेत्रार्कने स्वतःच संकलित केलेल्या पत्रसंग्रहाच्या चौथ्या भागात पहिलेच आहे. बोर्गो सान सेपोल्क्रो येथील दिओनिजी या ऑगस्टिनियन संन्याशाला ते उद्देशून लिहिले आहे. पेत्रार्क तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याचे वडील फ्लॉरेन्समधून १३०२ मध्ये हद्दपार झालेले. पोपची गादी १३०९ पासून रोमऐवजी आविन्यो येथे आलेली. त्यामुळे पोटापाण्यासाठी हे इटालियन कुटुंब त्या परिसरात येऊन राहिलेले. पेत्रार्कचे बालपण कार्पांत्रा येथे गेले. तेथून व्हांतू सतत दिसतो. परप्रांतात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच डोंगर लहानपणापासून उभा असावा आणि त्याने एकदा तरी वर जाऊन आपला मुलूख दिसतो का ते पाहावे, यात मला काही गूढ वाटत नाही. सीमेवरच्या आपल्या लोकांना तर ते सहज उमजावे.

निमित्त मात्र पुस्तकी होते. रोमन इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथात मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप हीमस पर्वतावर चढल्याची हकीकत आहे. तेथून दोन समुद्र एकाच वेळी दिसतात असा समज होता. ती वाचून पेत्रार्कने बेत पक्का केला. मग सोबतीला कोण, याचा तो जो विचार करतो तो पत्रातील सर्वांत मजेदार भाग आहे. एक मित्र फार संथ, दुसरा फार उतावळा. एक उदास, दुसरा अतिआनंदी. कोणी गप्प, कोणी बडबड्या. घरी जे दोष मैत्रीपोटी खपवून घेतो ते वाटेवर जड होतात, हे त्याचे निरीक्षण फिरतीची नोकरी केलेल्या कोणालाही पटेल. शेवटी त्याने सख्ख्या भावाला विचारले आणि घेरार्दो आनंदाने तयार झाला.

व्हांतूची उंची सुमारे १,९१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून अडीचशे मीटरहून अधिक. मालोसेन त्याच्या उत्तरेकडील पायथ्याशी, सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे निव्वळ चढ साडेपंधराशे मीटरांच्या घरात. आंबोलीचा घाट पायी चढलेल्यांनी त्याच्या दुपटीहून अधिक चढ कल्पावा. आजच्या डांबरी रस्त्याने हे अंतर सुमारे २१ किलोमीटर भरते. माथा उघडा, पांढऱ्या चुनखडीच्या दगडगोट्यांचा, दुरून बर्फच पडले आहे असा भास करणारा. त्यावरून वाहणारा वारा प्रसिद्ध आहे. सायकलशर्यतींचे शौकीन या डोंगराला 'तूर द फ्रान्स'मधील एक जीवघेणी चढण म्हणून ओळखतात. १९६७ च्या शर्यतीत टॉम सिम्प्सन हा इंग्रज सायकलपटू याच चढावर कोसळून मरण पावला.

चढणीच्या आरंभीच त्यांना एक म्हातारा मेंढपाळ भेटला. त्याने त्यांना परोपरीने परत फिरण्यास सांगितले. पन्नास वर्षांपूर्वी तारुण्याच्या भरात आपण माथ्यापर्यंत गेलो होतो. पश्चात्ताप, श्रम आणि काट्याकपारींनी फाटलेले अंग व कपडे याखेरीज काही हाती आले नाही. आपल्या आधी वा नंतर कोणी तिकडे गेल्याचे ऐकिवात नाही. पोरे ऐकत नाहीत असे पाहिल्यावर त्याने कड्यांमधून जाणारी वाट दाखवली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मागून सूचना ओरडत राहिला. आपल्या धनगरवाड्यांवर याहून वेगळे काही घडत नाही.

गिर्यारोहणाच्या इतिहासकारांची मला येथे मोठी गंमत वाटते. 'पहिला' म्हणून ज्याचा गौरव करायचा त्याच्याच पत्रात, त्याच्या पन्नास वर्षे आधी, काही एक काम नसताना केवळ तरुण रक्ताच्या उसळीने तोच माथा गाठलेला माणूस उभा आहे. त्याला लॅटिन येत नव्हते, एवढाच त्याचा दोष. शिवाय पॅरिसचा तत्त्वज्ञ झां ब्युरिदां हाही त्याच सुमारास व्हांतूवर जाऊन आल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि तेराव्या शतकात आरागॉनचा राजा तिसरा पेद्रो पिरेनीजमधील कानिगू शिखर चढल्याची कथा सालिंबेने या बखरकाराने लिहून ठेवली आहे. तेव्हा 'पहिला' हा किताब बाजूलाच ठेवलेला बरा.

त्या मेंढपाळाकडे त्यांनी जास्तीचे कपडे आणि अडचणीचे वाटेल ते सामान ठेवून दिले. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. सुमारे दोन हजार मीटर उंचीवरून अंधारात उतरावे लागेल अशी ज्याला कल्पना असते, तो अंगावर घ्यायचे कपडे पायथ्याशी ठेवून जात नाही. दिवसाउजेडी खाली येऊ, असाच त्यांचा अंदाज असला पाहिजे.

तो का चुकला हेही पत्रातच आहे. घेरार्दोने सरळ दांडा धरला आणि तो नीट वर चढत गेला. पेत्रार्कने मात्र कमी चढाची वाट शोधण्याच्या नादात घळींत उतरणे पसंत केले. भाऊ वरून हाक मारी, हा म्हणे पलीकडून सोपी वाट असेल. असे एकदा नव्हे, तीन वा अधिक वेळा झाले. दर वेळी वाढलेले अंतर, आणि शेवटी तोच खडा चढ! भाऊ वर विसावा घेऊन ताजातवाना बसलेला, हा घामाघूम. मग एका घळीत बसून त्याने या अनुभवावरून आत्मपरीक्षण केले: देहाला पर्वत तसे आत्म्याला पुण्यवान जीवन, सोप्या वाटा फसव्या, इत्यादी. हे सारे लॅटिनमध्ये सुंदर उतरले आहे. पण घड्याळाच्या दृष्टीने पाहता त्याचा हिशेब सरळ आहे. दोन-तीन तास गेले.

सर्वोच्च माथ्याला तेथील लोक 'लेकरू' अशा अर्थाचे नाव देत. आसपासच्या सगळ्या डोंगरांचा बाप शोभेल अशा शिखराला हे नाव उलट अर्थानेच दिले असावे, असा पेत्रार्कचा तर्क. वर थोडी सपाटी होती. तेथे ते थकून बसले. पायाखाली ढग, सुटलेला वारा, पूर्वेस हिमाच्छादित आल्प्स अगदी हाताच्या अंतरावर भासणारे. त्यापलीकडे इटली. बोलोन्यातील शिक्षण सोडल्याला त्या दिवशी दहा वर्षे झाली याची त्याला आठवण झाली, आणि तो आपल्या गेल्या दशकाचा जमाखर्च मांडत बसला. सूर्य कलला, डोंगराची सावली लांबू लागली, तेव्हा कुठे निघण्याचे भान आले. तरी निघण्याऐवजी त्याने पश्चिमेकडे वळून पुन्हा पाहिले. पिरेनीज दिसला नाही. लिओंच्या बाजूचे डोंगर, मार्सेलकडचा समुद्र आणि डोळ्यांखालून वाहणारी ऱ्होन नदी मात्र स्पष्ट दिसली.

येथे थोडा हिशेब मांडून पाहू. त्या काळचे जुलियन पंचांग आपल्या आजच्या दिनदर्शिकेच्या आठ दिवस मागे होते. त्यामुळे २६ एप्रिल म्हणजे आजच्या गणनेने ४ मे. त्या अक्षांशावर त्या दिवशी दिनमान सुमारे सव्वाचौदा तासांचे असते. स्थानिक वेळेने पाचला सूर्योदय, सातच्या सुमारास सूर्यास्त. पहाटे चारला निघालेला, सवय नसलेला पण धडधाकट माणूस सरळ वाटेने अकरा-बाराला माथ्यावर पोचावा. पेत्रार्कच्या घळी धरल्या तर दोन वा तीन. वर सावल्या लांबेपर्यंत थांबले, म्हणजे निघताना पाच-साडेपाच झाले असणार. दगडगोट्यांच्या उतरणीला निदान चार-पाच तास. मालोसेनला दहाच्या आत पोचणे शक्य नाही. पत्रातही नेमके तेच आहे, रात्र चांगलीच झाली होती. खोटी हकीकत रचणारा माणूस बहुधा वेळेच्या हिशेबात घसरतो. येथे तसे झालेले नाही.

निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट घडली, आणि संशयाचे मूळ तिच्यात आहे. दिओनिजीने भेट दिलेली सेंट ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'ची एक इवलीशी हस्तलिखित प्रत पेत्रार्कच्या खिशात होती. त्याने ती सहज उघडली, तर जे पान निघाले त्यात नेमकी पर्वत, समुद्र, नद्या आणि तारे पाहून थक्क होणाऱ्या व स्वतःला विसरणाऱ्या माणसांची कानउघाडणी होती! पेत्रार्क शरमला, पुस्तक मिटले आणि खाली येईपर्यंत कोणाशी बोलला नाही. अधूनमधून मागे वळून पाहावे तर तो प्रचंड माथा त्याला हातभर उंचीचा भासे.

इटालियन संशोधक ज्युझेप्पे बिल्लानोविच यांनी १९६६ च्या सुमारास या पत्राची जी चिकित्सा केली तिचा सारांश असा: हे पत्र त्या रात्री सरायीत घाईघाईने लिहिलेले नसून १३५३ च्या सुमारास, पत्रसंग्रहाची जुळवाजुळव करताना रचलेले आहे. ज्याच्या नावे ते आहे तो दिओनिजी १३४२ मध्येच वारला होता. घेरार्दो १३४३ मध्ये मोंत्रिय येथील कार्थुसियन मठात संन्यासी झाला. तेव्हा भावाने सरळ वाट धरली आणि आपण भटकत राहिलो हे रूपक १३३६ मध्ये सुचण्यासारखे नव्हते, ते नंतरचे शहाणपण आहे. ऑगस्टीनचे मनःपरिवर्तन झाले तेव्हा त्याला बत्तिसावे वर्ष चालू होते, पेत्रार्कलाही तेच. ऑगस्टीनने बागेत धर्मग्रंथ असाच सहज उघडला होता आणि हवे तेच वचन निघाले होते. वारदेखील शुक्रवार, ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचा. इतके योगायोग एका दिवशी जमत नाहीत.

हे आक्षेप मला मान्य आहेत. पुस्तक उघडण्याचा प्रसंग वाचताना येथे हकीकत संपून वाङ्मय सुरू झाले, हे कोणालाही कळावे. पत्राला सध्याचे रूप नंतर आले यात शंका धरण्याचे कारण नाही. परंतु पत्र उशिरा लिहिले गेले म्हणजे चालही झाली नाही, असे होत नाही. महसुली चौकशांत साक्षीदारांचे जबाब वर्षानुवर्षे वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. साक्षीदाराला जे ठसवायचे असते त्याची भाषा घोटीव असते, आणि तेथेच तो कमी विश्वासार्ह असतो. ज्याचे त्याला महत्त्व वाटत नाही ते ओघात निसटते, आणि ते तपासण्याजोगे असते.

या पत्रात असा निसटलेला तपशील म्हणजे चंद्र. मनात विचारांचे काहूर माजलेले, पायांखालच्या दगडांचे भान नाही, अशा अवस्थेत आपण सरायीत पोचलो आणि चंद्राने वाटेत मोठी मदत केली, असे पेत्रार्क एका उपवाक्यात म्हणतो. चंद्रासाठी त्याने योजलेले विशेषण आहे 'पेर्नॉक्स', म्हणजे रात्रभर असणारा. रात्रभर असणारा चंद्र एकच. सूर्यास्ताला उगवणारा आणि सूर्योदयाला मावळणारा. आपण त्याला पौर्णिमेचा म्हणतो.

त्या दिवशी पौर्णिमा होती काय?

आपल्याकडच्या वाचकाला हे तपासण्यासाठी दुर्बिणीची गरज नाही. विजयनगरच्या स्थापनेची जी तिथी परंपरेने सांगितली जाते ती शके १२५८, धाता नाम संवत्सर, वैशाख शुद्ध सप्तमी. इंग्रजी तारखेने १८ एप्रिल १३३६. ज्या लेखांवर ही तिथी आधारली आहे ते उत्तरकालीन असल्याचा आक्षेप आहे आणि हरिहराचा राज्याभिषेक खरोखर त्या दिवशी झाला की नाही हा वाद येथे सोडवायचा नाही. तिथी आणि तारखेचा मेळ मात्र गणिताचा आहे. १८ एप्रिलला सप्तमी, तर पौर्णिमा आठ दिवसांनी. म्हणजे २६ एप्रिल १३३६! आधुनिक खगोलगणितही हेच सांगते: त्या दिवशी दुपार उलटल्यावर, तेथील स्थानिक वेळेने साडेतीनच्या आसपास पौर्णिमेचा क्षण येतो. पेत्रार्क व्हांतूच्या माथ्यावर इटलीकडे पाहत बसला असेल त्याच वेळी चंद्र पूर्ण झाला, आणि संध्याकाळी सूर्य मावळता मावळता तो आल्प्सच्या बाजूने वर आला. ती वैशाखी पौर्णिमा होती, आपली बुद्धपौर्णिमा. तुंगभद्रेच्या काठावर तोच चंद्र काही तास आधीच उगवला होता.

आता बिल्लानोविचच्या बाजूने एक प्रश्न विचारता येईल. सतरा वर्षांनी पत्र रचणाऱ्या लेखकाला जुन्या तारखेचा चंद्र काढता आला नसता काय? आला असता. ईस्टरची तारीख चंद्रावर अवलंबून असल्याने चर्चजवळ एकोणीस वर्षांच्या चक्राची कोष्टके होती आणि लिहितावाचता येणाऱ्या प्रत्येक पाद्र्याला ती ठाऊक होती. पण येथेच गंमत आहे. ती कोष्टके शतकानुशतके दुरुस्त न झाल्याने आकाशाच्या मागे पडली होती. १३३६ साठी कोष्टकातील वसंतातली चतुर्दशी ३० मार्चला येते, त्यामुळे पुढची २८ एप्रिलला. म्हणजे चर्चच्या हिशेबाने २६ एप्रिलला द्वादशीचा चंद्र असायला हवा, जो पहाटेपूर्वीच मावळतो. आकाशात मात्र त्या दिवशी पौर्णिमा होती. ही चूक त्या काळच्या विद्वानांच्या ध्यानात आली होती. आविन्यो येथेच पोप सहाव्या क्लेमेंटने १३४५ च्या सुमारास पंचांगशुद्धीसाठी जाणकारांना पाचारण केले होते. तेव्हा पेत्रार्कने कोणा ज्योतिषाला विचारून बरोबर चंद्र मिळवला असता, ही शक्यता उरते. एका उपवाक्यासाठी, ज्याच्यावर त्याने पुढे काहीच उभारले नाही, एवढा खटाटोप कोण करील? शुक्रवार, बत्तिसावे वर्ष, ऑगस्टीन यांची जुळणी तो वाचकाला दाखवतो. चंद्राची दाखवत नाही.

माझे मत असे की चाल खरी आहे, रात्र खरी आहे आणि तारीखही खरी आहे. पेत्रार्कला तारखा टिपून ठेवण्याची सवय होती. लॉराच्या मृत्यूची नोंद त्याने आपल्या व्हर्जिलच्या पोथीच्या पानावर करून ठेवली होती, ती पोथी आज मिलानमध्ये आहे. व्हांतूची तारीख त्याच्या एखाद्या टिपणात असावी आणि चंद्र आठवणीत. बाकीचे रंगकाम नंतरचे.

चंद्र नसता तर काय झाले असते, याची कल्पना दुसऱ्या एका आरोहणावरून येते. कीटकांचा प्रसिद्ध अभ्यासक झां-आंरी फाब्र १८६५ च्या ऑगस्टमध्ये तेविसाव्यांदा व्हांतूवर गेला होता. तेवीस वेळा गेलेला माणूस, पण दाट ढग उतरताच त्याला दिशा कळेना. कपड्यांची कोणती बाजू अधिक भिजली यावरून त्याने वाऱ्याची आणि वाऱ्यावरून दक्षिणेची दिशा ठरवली. नंतर मेंढपाळांच्या दगडी निवाऱ्याभोवती, माणसाच्या वस्तीमागून उगवणाऱ्या वनस्पती हाताने चाचपत तो तेथपर्यंत पोचला. त्यातली एक हाताला झोंबणारी होती, म्हणून अंधुक प्रकाशातही ओळखू आली.

शिवाय पौर्णिमेचा चंद्र डोंगराच्या सर्व बाजूंना सारखा नसतो. सह्याद्रीच्या कोकणाकडील उतारावर हे अनेकांनी अनुभवले असेल. देशावर टिपूर चांदणे पडलेले असते आणि घाटाची वाट मात्र तास-दोन तास कड्याच्या सावलीत काळीकुट्ट असते. मे महिन्यातील पौर्णिमेचा चंद्र युरोपात दक्षिणेकडे झुकलेला, बेताच्या उंचीवरून जाणारा. आणि मालोसेनची उतरण वायव्येकडे. तेव्हा उतरणीच्या काही तीव्र टप्प्यांवर चंद्र असूनही डोंगराचीच सावली आड आली असणार. पेत्रार्कला दगडांचे भान राहिले नाही, हे त्याने लिहिले आहे. वाट कोणीतरी पाहत होते, हे त्याने लिहिलेले नाही.

त्या दोन नोकरांची नावे पत्रात नाहीत. ते सामान घेऊन तेवढाच डोंगर चढले, तेवढाच उतरले, कवी मौनात असताना त्यांनी वाट धरून ठेवली असेल, आणि सरायीत पोचल्यावर धनी कोपऱ्यात लिहायला बसला तेव्हा ते रात्रीच्या जेवणाच्या तयारीला लागले. हे मात्र पत्रात आहे. आमच्याही दौऱ्यांच्या डायऱ्यांत साहेब किती मैल चालले याची नोंद असे. पुढे कंदील घेऊन चालणाऱ्या गावच्या वालीकाराची नसे.

ऑगस्टीनची ती लहानशी प्रत पेत्रार्कजवळ पुढे जवळजवळ चाळीस वर्षे राहिली. मृत्यूच्या वर्षी, १३७४ मध्ये, डोळ्यांना बारीक अक्षर दिसेनासे झाल्यावर त्याने ती लुइजी मार्सिली या तरुण ऑगस्टिनियनाला देऊन टाकली. घेरार्दोचे काय झाले ते अधिक विलक्षण आहे. १३४८ च्या प्लेगमध्ये मोंत्रियच्या मठातील प्रमुखासह चौतीस-पस्तीस जण मेले. इतरांनी सुचवूनही घेरार्दो मठ सोडून गेला नाही. त्याने आजाऱ्यांची शुश्रूषा केली, एकेकाला स्वतःच्या हाताने पुरले, आणि शेवटी तो आणि त्याचा कुत्रा असे दोघेच त्या मठात उरले. ही हकीकत पेत्रार्कने दुसऱ्या एका पत्रात लिहून ठेवली आहे. १३५३ च्या एप्रिलमध्ये, फ्रान्स कायमचा सोडण्यापूर्वी, तो घेरार्दोला भेटायला मोंत्रियला गेला. बिल्लानोविचच्या मते व्हांतूचे पत्र लिहिले गेले ते याच वर्षी. दोघे भाऊ तेव्हा सतरा वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीविषयी बोलले असतील. एप्रिलचाच महिना होता.